वासराखालचं बसकर

माय, मी लिहायला बसले हे पाहून तू हसली असतीस. दुसरीतून काढून तूच मला मिरच्या तोडायला लावलं होतंस. जोडाक्षरं तिथेच राहिली. चुकली तर चुकली. तुला वाचता येत नव्हतंच.

घरात आता मी एकटी. तुझा जावई गेला, सासू त्याच्याही आधी गेली, लेक-सून खामगावला कापसाच्या जिनिंगच्या कामावर. लढाईपायी कापड कंट्रोलवर आहे, लोक फाटकं लुगडंही जपून ठेवतात, पण माझ्याकडे जुन्या चिंध्यांचं गाठोडं आहे. पट्ट्या फाडते, तीन पट्ट्यांची वेणी घालते, वेणी गोल गुंडाळत टाके मारत जाते. चार बसकरं झाली. एकावर मी बसते, तीन रिकामी. हात तुझाच आहे. तू वेणीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचीस, आणि मी टाका ओढून घेतला की पाठीत रट्टा. "आवळू नको वं, टोपलं होते त्याचं. चिंधी आहे, चोर नाही बांधून राह्यली तू."

लग्नात मला दिलेलं बसकर तू मळ्याचं काम सांभाळून दोन महिने करत होतीस. बाबाचं धोतर, तुझं हिरवं लुगडं, मधोमध माझा लहानपणीचा परकर. पण चिखलीकडच्या माझ्या सासरी गाद्या होत्या, सतरंज्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या, मी हौसेने बसकर अंथरलं, आणि एकीने विचारलं, "तुह्या मायले सतरंजी नाही भेटली का वं?" सगळ्या हसल्या. सासू हसली नाही, ती वाण वाटत होती. दुसऱ्या दिवशी मी ते उचललं आणि गोठ्यात वासराखाली टाकलं. मीच. सासूने विचारलं तर म्हणाले, वासराला गारठा लागतो.

आठ दिवसांनी तू येतेस, डोक्यावर वांग्यांची पाटी. गोठा दारातच. तू तिथेच थांबतेस, पाटी उतरवायचं भान नाही. सासू बाहेर येते.

"विहीणबाई, म्या लेकीले देल्लं, तुम्ही वासराले देल्लं?"

माझी सासू कुणाला खुलासे देणारी बाई नव्हती. "वासरू बसते त्याच्यावर," ती म्हणाली. "हसत तं नाही."

मी आत चुलीपाशी, हातात तुझ्यासाठी भरलेला पाण्याचा तांब्या. दोन पावलं टाकून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. तू वांगी उंबऱ्याशी ओतलीस आणि पाणी न पिता गेलीस. त्या घराची पायरी पुन्हा चढली नाहीस. तू वळणावर दिसेनाशी झाल्यावर सासू म्हणाली, "बोलली काऊन नाही वं?" मी तांब्या खाली ठेवला. "राहू दे. सासूच्या नावावर एक जास्त." एवढं बोलून ती वांगी वेचायला लागली.

बाळंतपणाला तुझ्याकडे आले की अंगाला तेल चोळताना तू विचारायचीस, "लई छळते का तुले?" मी म्हणायची, आहेच तशी. मग डिंकाचा लाडू एक जास्त मिळायचा. खोटं कशाला सांगू, गोड लागायचा.

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा सासू माझ्याबरोबर बैलगाडीत बसून देऊळगावला आली. ती आली आहे असं मी तुला सांगितलं, तू भिंतीकडे तोंड केलंस. "तिले दारात आणू नको." ती विहिरीपाशी गाडीतच बसून राहिली, अख्खी दुपार. तुझ्या उशाशी दुसरं कुणी नव्हतं, तुला ऐकू येत होतं. मी तुझे पाय चेपले. परतताना अर्ध्या वाटेत सासूने विचारलं, "काही खाल्लं का तिनं?" बाकी काही नाही. आणि चार दिवसांत तू गेलीस.

हा कागद कुठे टाकायचा नाहीये. पोस्टात दिला तर पोस्टमन मलाच येड्यात काढेल. पण लिहिलंच आहे तर एक सांगते. वासराची ओळ मी दोनदा लिहिली. आधी 'सासूने टाकलं' असं लिहून गेले होते, मग खोडलं. तू नाहीस, ती नाही, वाचणारं कुणी नाही, तरी हाताने आधी तेच लिहिलं.