अंजनामावशीचा टॉर्च

मुलुंड, ५ जानेवारी २०२५

ती. अंजनामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहिते. तू माळ्याच्या जिन्यावरून घसरलीस हे कृणालने सांगितलं. पोटच्या मुलाला सांगायला तुला चार दिवस लागले! त्याची पाळी रात्री संपते, तोवर ट्रॉम्बेच्या घरात तू एकटी, आणि दिवे कधी जातील याचा नेम नाही.

म्हणून टॉर्च पाठवते. दुकानदाराचं डोकं खाऊन निवडलाय. हलका आहे, तापत नाही, वायर लावून चार्ज होतो. बटण एकच. एकदा दाबलंस की मोठा उजेड, मग मंद, मग उघडझाप, मग बंद. आमच्या श्रुतिकालाही तसाच हवाय. चौदाव्या मजल्यावरून तुझीच खाडी दिसते, तर तिला म्हणे आजीला खुणा करायच्या आहेत.

जपून राहा आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी भाची, विनिता

ट्रॉम्बे, १२ जानेवारी

चि. विनितास,
अनेक आशीर्वाद.

टॉर्च पोचला. दिसायला झकास. पण मासळी कापून कापून माझ्या बोटांची कातडी मेली आहे, बटण किती वेळा दाबलं ते कळत नाही. पहिल्याच दिवशी तिन्हीसांजेला तो खिडकीत उघडझाप करू लागला आणि मला बंद करता येईना.

तुला ठाऊक नसेल. आमच्या घरी खिडकीतून बत्ती उघडझाप केली की होडीवरच्या माणसाने घरी यायचं. तो दोनदा उजेड दाखवून उत्तर देणार. आणि जिने बोलावलं तिने होडी बांधेपर्यंत धक्क्यावर उभं राहायचं, मध्येच परतायचं नाही. बत्ती स्थिर धरली तर त्याचा अर्थ, येऊ नकोस, पाणी वाईट आहे. तुझे हरेश्वरकाका गेले त्या दिवशी पाणी वाईटच होतं. पण कृणाल चार वर्षांचा, तापाने फणफणलेला. मी घाबरले आणि बोलावलं. होडी मिळाली, ते मिळाले नाहीत. त्यानंतर एकतीस वर्षं त्या खिडकीत कुणी बत्ती उघडझाप केली नव्हती.

त्या संध्याकाळी तिवरांपलीकडून दोनदा उजेड दिसला. मला वेड लागलेलं नाही. तेव्हापासून रोज दिसतो आणि मी रोज धक्क्यावर जाते. काल चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले. बोलावलं आहे, तर परतू कशी? कृणालला सांगू नकोस.

तुझी माया आहे, ती असू दे.
अंजनामावशी

मुलुंड, १६ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कृणालला सांगितलं, हवं तर रागाव. तो म्हणतो चिंबोऱ्या धरणाऱ्याची बत्ती असेल. महिनाभरात तिकडे कुणी गेलेलं नाही, असंही तोच म्हणतो. काय खरं ते मला ठाऊक नाही. आई गेल्यावर माझी म्हणावी अशी तूच उरलीस, आणि तू त्या चिखलात जातेस याची मला भीती वाटते.

चूक माझी. टॉर्चच्या करामती पाहिल्या, तुझे हात पाहिले नाहीत. आता हा साधा पाठवते. दोन सेल, खरखरीत खटका, पुढे सरकवला की लागतो, मागे की विझतो. दोरी मनगटात घाल. जुना कृणालकडे दे, श्रुतिका खेळेल. धक्क्यावर उतरू नकोस, तुला माझी शपथ.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
विनिता

ट्रॉम्बे, २४ जानेवारी

चि. विनितास,
अनेक आशीर्वाद.

हा टॉर्च हाताला बरा आहे, अंगठ्याला कळतो. जिन्याची पायरी न् पायरी दिसते. कृणाल रागावला, पण पाळी बदलून घेतली त्याने.

सोमवारी उजेड दिसला तेव्हा मी उतरले नाही. खिडकीत उभी राहून हा टॉर्च लावला आणि तसाच धरला. विझू दिला नाही. त्या दिवशी करायला हवं होतं ते आता केलं. बराच वेळ समोर काही नव्हतं. मग दोनदा उजेड आला आणि गेला. मी खाली बसून पोटभर रडले. त्यानंतर तो दिसलेला नाही.

जुना टॉर्च कृणालने परवाच तुझ्याकडे पोचवला, हे मला आज कळलं. पत्र मिळताच तो श्रुतिकाच्या हातून काढून घे. तुझ्या खिडकीसमोरही हीच खाडी आहे. ते थकलेत गं, त्यांना पुन्हा कुणी बोलावू नये. आणि पोरीने बोलावलंच असेल, तर हा साधा टॉर्च घेऊन मी येते. तोवर तिला खाली उतरू देऊ नकोस.

माया राहू दे.
तुझी अंजनामावशी