राजाच्या तेलाचं गाणं

प्रिय नागेश,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर आले. समिधा लिहून घेतेय. पदरचं एक अक्षर घालायचं नाही अशी तंबी दिलीय तिला. बायको तुझी असली, तरी आत्ता ती माझी लेखणी. शेजारच्या केरूचा ट्रक उद्या इथल्या रास अल खोरहून तिकडे तुमच्या टाइल्सच्या फॅक्टरीत येतोय, त्याच्या हाती हे पाठवते. इथून रास अल खैमा काही सातासमुद्रापार नाही, पण चार महिने झाले तुझ्या चपला दाराशी दिसून.

ईश्वरीच्या शाळेत शनिवारी गाणं आहे. इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाचं, तीनशे वर्षांपूर्वीचं. त्या जुन्या धाटणीला ती बरोक म्हणते. राजाला पडद्याआड नेऊन तेल लावतात, तेव्हा म्हणायचं. मी म्हटलं, म्हणजे अंतरपाट नि हळद एकदमच उरकतात की! तर मला म्हणते, आजी, इट्स नॉट अ वेडिंग. पण काय सांगू, सुरुवातीला दीड मिनिट नुसती व्हायोलिनं चढत राहतात आणि साठ पोरं तोंड मिटून, मनात मोजत उभी. ऐकणाऱ्याला दम लागतो. मग सगळी एकदम गर्जतात. राजा कुणाचा का असेना, अंगावर काटा येतो.

परवा तालमीला मलाही नेलं होतं. आपली ईश्वरी सगळ्यांच्या आधी एकटीच सुरू झाली. गाणं शिकवणाऱ्या हिबा मॅडम रागावल्या नाहीत, पण पोरीचं तोंड एवढंसं झालं. टॅक्सीत मी म्हटलं, 'सावधान' व्हायच्या आधीच अक्षता टाकणारा एक काका प्रत्येक लग्नात असतो, म्हणून काय लग्न मोडतं? हसली नाही. पप्पा येतील म्हणून दाराकडे बघत होती, त्यात मोजणं चुकलं. तू येणार नसशील, तर शनिवारी उभीच राहणार नाही म्हणते.

नागेश, दमले रे मी. नोकरी गेल्यावर तू तिकडे काम धरलंस, तेव्हा ह्या दोघींच्या देखत तुला बोलले, तुझा बाप कधी घर सोडून पळाला नाही. खोटं होतं ते. तू तीन वर्षांचा असताना तेही गेले होते, आठ महिने. तुला मी बोटीवर कामाला गेलेत म्हणून सांगत आले. समिधाचा हात थांबलाय; लिही म्हटलं. परत आले त्या दिवशी मी काही विचारलं नाही, पाट मांडला नि वाढलं. शनिवारी पाच वाजता ये. तुलाही कुणी काही विचारणार नाही.

तुझीच,
आई