फ्लोखो म्हणजे ढिला

ती. अक्कास,
सम्मेदचा जय जिनेंद्र.

फोनवर बोलताना तात्या शेजारीच अंथरुणावर असतात, म्हणून हे लिहून पाठवतोय. मी बरा हाय. स्पेनातले माग आपल्या कबनूरसारखेच, फक्त आवाज कमी. जेवण अळणी, पण तुझी चटणी अजून पुरतीय.

इथं धागा सैल पडला की ‘फ्लोखो’ म्हणतात. आल्याआल्या शिकलो तो हाच शब्द. परवा आमची मुकादम पिलार माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘फ्लोखो’. मी लगेच ताण वाढवला. ती परत म्हणाली, मी परत आवळलं. मग धागे तटातटा तुटले की!

तिनं माग बंद केला आणि माझ्या कपाळाला हात लावला. ती मलाच म्हणत होती. मोबाईलमध्ये बघितलं तर अर्थ निघाला, आळशी. म्हटलं, आता घरी पाठवणार. मी स्क्रीन दाखवली तर तिनं ‘तसं नाही’ म्हणून मान हलवली, स्टुलावर बसवलं, कॉफी दिली. अंगातलं बळ सरलेल्या माणसालाबी इथं तेच म्हणतात.

आपल्यात ढिला म्हणजे नुसता कामचुकार. तात्या मला तसंच म्हणायचे.

आईला यातलं काही सांगू नको. आता झोपतोय वेळेवर.

अक्का, तात्यांना उचलून बसवायला कोण येतंय का, का तू एकटीच? रविवारी फोनवर तुझा आवाज मला ढिला वाटला. आपल्यातला न्हवं, इथला.

तुझा धाकटा,
सम्मेद