उकंड्याचं टोपरं

बाबा, तुमच्या उकंड्याला त्यांनी दात बसवले आहेत. माणसाचे, पांढरेशुभ्र, वर-खाली दोन्ही रांगा. तुम्ही त्याचं तोंड कायम मिटलेलं काढायचे, ओठाच्या कोपऱ्यात तुरीचा पाला तेवढा लटकलेला. रोहीचं, म्हणजे नीलगायीचं पिल्लू ते. दुसऱ्याच्या वावरात शिरणार, मालक धावला की बाभळीच्या मागं उभं राहून आपण कोणाला दिसतच नाही असं समजणार. डोक्यावर चिंध्या जोडून शिवलेलं टोपरं, हिवाळ्यात लेकरांना घालतात तसं, आणि त्यातून डावा कान बाहेर. रविवारच्या पेपरात, पोरांच्या पानावर चार चौकटींत यायचा आणि आठवडाभर शाळेत त्याच्याच गोष्टी चालायच्या. आता त्याचा सिनेमा येऊन राहिला आहे. माणसांचा नव्हे, कॉम्प्युटरवर केलेल्या हलत्या चित्रांचा. त्यात टोपरं नाही. कातडी जाकीट आहे, पापण्या लांब आहेत आणि छाती अशी फुगलेली की हे पिल्लू तूर खाऊन वाढलं यावर कोणाचा विश्वास बसू नये.

ते चित्र एकादशीच्या सकाळी यांच्या फोनवर आलं. मी साबुदाणा भिजवत होते आणि हे खुर्चीत बसून लोकांनी त्याखाली काय काय लिहिलं ते वाचून दाखवत होते. "हा रोही नाई बे, जिमातला पोट्टा हाय." "दात पाहून वाटते दातांच्या दवाखान्याची जाहिरात हाय." कोणी बाई लिहिते की तिच्या आईनं उकंड्या पाहून घरच्या सगळ्या लेकरांना तसली टोपरी शिवली होती, आता ती नातवाला काय दाखवणार. केस पिकलेली माणसं लिहून राहिली आहेत की आमच्या लहानपणाला हात लावू नका. हे म्हणाले, "तुह्या बापानं येवढ्या लोकायचं लहानपण करून ठेवलं अन् आपल्याले पत्ताच नाई." मग एका ठिकाणी वाचता वाचता थांबले आणि फोन पालथा ठेवला. मी नंतर पाहिलं. कोणी लिहिलं होतं, पोरीनं बापाचा उकंड्या विकला.

तुम्हाला वाटेल, लोक अजून आठवण ठेवून आहेत म्हणून मला भरून आलं असेल. आलं असतं. पण टोपरं काढायला मीच सांगितलं होतं.

गेल्या वर्षी मुंबईहून सिनेमावाल्या कंपनीची एक मुलगी आली होती. तुमच्या मागं चित्रांचा हक्क माझ्या नावावर, म्हणून सही माझी हवी. पोरगी चांगली होती, चपला बाहेर काढून आली, देवघरासमोर हात जोडले. सगळे कागद मी चष्मा लावून वाचले. सिनेमाविरुद्ध चारचौघांत बोलायचं नाही असंही त्यात होतं, ते मला जड वाटलं नाही, मी कुठं चारचौघांत बोलायला जाते. सगळं झाल्यावर मी एवढंच विचारलं, "टोपरं नाही ठेवलं तर चालेल का?" तिनं लिहून घेतलं. कारण विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं, कारण आई पलीकडच्या खोलीत होती. आई आता माझ्याकडेच असते, जठारपेठेत. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून तिला सुईतला दोरासुद्धा दिसतो. माझ्या मनात एवढंच होतं की उद्या या चित्राचे फलक चौकाचौकात लागतील आणि आईला रोज सकाळी माझ्यासोबत देवळात जायचं असतं.

मला काय माहीत की टोपरं काढलं तर त्यांना सगळंच बदलावं लागेल. डोकं उघडं पडलं म्हणून केस दिले, केस दिले म्हणून जाकीट, जाकीट दिलं म्हणून दात.

तुम्ही हे सांगितलं होतं. आपली अमरावतीची दोन खोल्यांची जागा, आई चुलीपुढं, तुम्ही पाटावर कागद ठेवून टाकानं चित्र काढताय, शाळेतल्या चित्रकलेच्या पेपरांच्या कोऱ्या पाठीवर. मी दौत धरून बसले आहे, कारण जमीन उतरती आहे आणि दौत कलंडते. माझा धाकटा भाऊ जाऊन महिनाही झालेला नाही. आई भाकर थापता थापता थांबते. तुमच्याकडे न पाहता म्हणते, "थे टोपरं काढा त्याचं."

तुम्ही टाक उचलून धरता. शाई खाली पडेल म्हणून मी टाकाखाली हात धरते.

"कसं काढू?" तुम्ही म्हणता. "थे काढलं तर मांगं नुसतं जनावर राह्यते."

"मी मातीत घातलं," आई म्हणते, "अन् तुमी दर आयतवारी वर काढता."

भाकर करपली आणि तीच तुम्ही खाल्ली.

ते टोपरं कसं आलं हे त्या वेळी मला कळत होतं, तरी अर्थ नंतर कळला. माझ्या पाठचा मुलगा बारशाआधीच गेला होता. म्हणून या धाकट्याच्या वेळी आई नांदगाव खंडेश्वरला माहेरी बाळंत झाली तेव्हा आजीनं सगळं रीतसर केलं. लेकराला घरामागच्या उकंड्यावर, उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं ते सापडल्यासारखं उचलून आणलं आणि आईनं ते तिच्याकडून मागून घेतलं. नाव उकंड्या. टाकून दिलेलं लेकरू आहे, याला कोण नेणार. आणि नवं कापड अंगाला लावायचं नाही म्हणून आईनं ओल्या अंगानं पाच घरी पदर पसरून चिंध्या मागितल्या, लुगड्याच्या, धोतराच्या, कोणाच्या खणाच्या, आणि त्यांचं टोपरं शिवलं. तो मोठा होत गेला तशी खालून एकेक पट्टी जोडत गेली. त्याला टोपऱ्यात गरम व्हायचं. डाव्या बाजूची शिलाई त्यानं बोटानं उसवली होती आणि तिथून कान बाहेर काढायचा. तुम्ही त्याला हसवायला रोहीच्या पिल्लाला तसं टोपरं काढून दाखवलं आणि पेपरवाल्याला ते आवडलं. लोकांना वाटतं तुम्हाला ते सुचलं. बाबा, तुम्ही फक्त समोर पाहिलं होतं.

तापानं गेला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. टोपरं त्याच्यासोबत गेलं. तुम्ही त्यानंतर रिटायर होईपर्यंत उकंड्या काढलात आणि आईनं एकदाही ते पान पाहिलं नाही. रद्दी टाकून देणाऱ्यांतली ती नव्हे, कागद फळीवर अंथरायचाच, पण ते पान ती उपडं अंथरायची. वर बाजारभाव, खाली उकंड्या. वर्षानुवर्षं आपले हळदी-मिठाचे डबे त्याच्या पाठीवर उभे होते. घरात त्याचं नाव आईसमोर कोणी काढलं नाही. मी अजून काढत नाही.

तर चित्र बाहेर पडल्यावर इथल्या उकंड्याप्रेमींनी अकोल्यात सभा ठरवली आणि मला बोलवायला दोघं घरी आले. एक आमच्याच मागच्या गल्लीतले, बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. दुसऱ्या भातकुलीच्या शाळेतल्या बाई, मोठी पिशवी घेऊन.

"ताई, तुमी फक्त स्टेजवर येऊन एक वाक्य बोला," गृहस्थ म्हणाले. "'हा माह्या बाबांचा उकंड्या नाई.' बस. पुढचं आमी पाहून घेतो."

मी म्हटलं, चहा टाकते.

"चहा मांगून. आधी हो म्हना. तुमी बोलल्या तर कंपनी झक मारून टोपरं देते."

"माझी सही आहे कागदावर."

"सहीचं पाहू आपन. मले सांगा, टोपरं काढाची बुद्धी कोन्या शहान्याले झाली असंन?"

हे माझ्याकडे बघत राहिले आणि मी फरशीकडे. यांना ठाऊक आहे. आतल्या खोलीत आईची माळ चालली होती. तिनं आवाज ऐकू नये म्हणून मी हळू बोलत होते, पण ते गृहस्थ बँकेतल्या काचेपलीकडून बोलण्याची सवय असल्यासारखे ओरडून बोलतात. मला वाटलं, उठून दार लावावं. लावलं असतं तर आईनं विचारलं असतं, काहून लावलं. दार लावायचीही सोय उरली नव्हती.

तेवढ्यात बाईंनी पिशवीतून ते काढलं. एवढं मोठं टोपरं, खऱ्या वासराला बसेल असं, रंगीबेरंगी तुकड्यांचं. म्हणाल्या, उकंड्या वाचलेल्या माणसांनी आपापल्या घरचा एकेक तुकडा पाठवला, कोणी आईच्या लुगड्याचा, कोणी शाळेच्या ड्रेसचा. मी जोडलं. सभेत उकंड्याची मूर्ती ठेवणार आहोत, तिला घालायचं. "आधी आजींचा हात लागला पाहिजे, म्हनून आनलं."

ते घराघरातून मागून आणलेलं कापड माझ्या हातात होतं आणि मला ते कुठं लपवावं कळेना. वळले तर आई दाराची चौकट धरून उभी.

"काय व थे?"

"टोपरं हाय, आजी," बाई म्हणाल्या. "उकंड्याचं."

आई दिवाणावर बसली. हात पुढं केला. मी दिलं. तांदूळ निवडावा तसं तिनं ते मांडीवर पसरलं आणि एकेक शिवण बोटानं चाचपत गेली.

"किती घरचं हाय?"

"दीडशेच्या वर घरं असतीन, आजी."

"मी पाचच घरचं मांगतलं होतं," आई म्हणाली. "पुरलं नाई."

गृहस्थ हसले. "पुरलं नाई म्हंजे? लहान झालं काय, आजी?"

"हो," आई म्हणाली. "लहान झालं."

मग ते बाईंच्या हातात परत देताना तिनं डावी बाजू उलटून पाहिली. "इकडची शिलाई उसवा थोडी. कान बाहेर काढाचा तो." बाईंना फार आनंद झाला. आजींना किती बारीक आठवते, असं दोघं एकमेकांना सांगत उतरले. आई परत माळ घेऊन बसली. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी जेवली.

तिला तुमचं चित्र आठवत होतं की तो आठवत होता, हे मी विचारू शकले नाही. उपडी केलेली पानं तिनं आधी पाहिली होती का, हेही नाही. तिचं ते बोलणं म्हणजे परवानगी होती का? मी देवासमोर दिवा लावून बसले, पोथी उघडली, ओळी डोळ्यांपुढून गेल्या. मन कुठंच बसेना. सभेला गेले नाही. अंगात ताप आहे असं यांनी खाली जाऊन सांगितलं.

सभेचा गाजावाजा झाला असावा, कारण त्या आठवड्यात मुंबईच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, लोकांची फार मागणी आहे, सिनेमा पुढं ढकलतोय, सगळं जुन्यासारखं करायचं ठरतंय. पण टोपरं नको असं तुम्ही म्हणाला होता, तुमचा मान ठेवायचा आहे, तेव्हा शेवटचा शब्द तुमचा. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात गेले. बाहेरच्या खोलीतून हे खुणेनं विचारत होते, काय म्हणते. आतल्या खोलीत माळ थांबली होती.

"ठेवा," मी म्हटलं.

आता फलक लागले आहेत. आमच्या चौकातही आहे, दुकानांच्या वर, दोन मजली. तोंड मिटलेलं, तुरीचा पाला, चिंध्यांचं टोपरं, डावा कान बाहेर. आईला मी मागच्या गल्लीनं देवळात नेते. काल तिनं विचारलं, "काहून येवढ्या फेऱ्यानं नेतं व?" मी म्हटलं, रस्ता खोदला हाय. देवळाच्या पायरीवर खोटं बोलले. ती हात धरून चालत राहिली, आणि तिला खरंच कळत नाही की मला सांभाळून घेते आहे हे मला कळत नाही. किती दिवस रस्ता खोदलेला ठेवू?

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर हे लिहिलं. ती फाडून फळीवर अंथरीन, उपडी. कागद वाया जाणार नाही आणि आई आता डबे उचलत नाही.

मी मात्र उचलायची, बाबा. आई नळावर गेली की हळदीचा डबा बाजूला करून पान उलटायची, तो दिसला की पुन्हा तसंच ठेवून द्यायची. फोनवर "ठेवा" म्हटलं तेव्हा मी आईचा विचार केला नव्हता, तुमचाही केला नव्हता.