पलीकडच्या कड्यावरची गाठ

घारे,

काल तुझा फोन आला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. "कविराज, परवा त्याच दरीवर पट्टा बांधतेय, त्यावरून चालत पलीकडे जायला. साठी उलटली म्हणून काय झालं? पलीकडची गाठ तपासायला तूच ये. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मी पाऊल टाकत नाही," म्हणालीस.

तेच जिवाला लागलंय.

आठवतं? मी पलीकडच्या कड्यावरून "पक्की!" असं ओरडलो की तू निघायचीस. मी शाळेतली एखादी कविता पुटपुटत राहायचो. "कडवं संपायच्या आत पोचते बघ," म्हणायचीस, आणि पोचायचीसही. माझंच कडवं अर्ध्यात अडकलेलं असायचं.

त्या दरीवर मात्र मी ओरडलो, "गाठ सरकतेय!" तू लगेच पट्टा गुंडाळलास. आठवड्याभरात दुसऱ्याच कुणीतरी ती दरी पहिल्यांदा पार केली आणि तू नवी दरी शोधत निघून गेलीस. मला एका शब्दानं बोल लावला नाहीस.

घारे, गाठ पक्की होती. ही दरी झाली की लग्न करू, असं तू म्हणाली होतीस. मला तू दरीशिवायच हवी होतीस; वाटलं, ही हुकली की तू हा नादच सोडशील.

हे पत्र पोस्टात टाकणं म्हणजे पुन्हा पळ काढणंच. म्हणून उद्या, तू पट्ट्यावर पाय ठेवण्याआधी, समोर उभा राहून सांगेन. मग माझ्या "पक्की"वर निघायचं की नाही, ते तुझं तू ठरव. निघालीस, तर या खेपेला कविता मोठ्यानं म्हणेन.

तुझा, अजून जमिनीवरच राहिलेला,
कविराज