साकवावरचं नाव

पेडणे तालुका,
श्रावण, १९८७

प्रिय सुमंगल,

तुझा डिचोलीचा पत्ता मी तुझ्या धाकट्या दिराकडून काढून घेतला. आधी त्याने का-कू केलं. पण माझ्या जिभेची आदोळी चालायला लागल्यावर नारळसुद्धा मुकाट्याने किसून घेतो, तिथे त्याचं काय! तेव्हा त्याच्यावर रागावू नकोस. तू वाडी सोडून गेल्यापासून आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही. तू का लिहिलं नाहीस ते मला ठाऊक आहे, आणि मी का लिहिलं नाही ते तुलाही ठाऊक असणार. पांडुरंगभावोजी अजून खाणीवरच्या ट्रकावरच आहेत ना? त्यांचा खोकला कसा आहे?

इकडे तसं सगळं जागच्या जागी आहे. पोदेर अजून भोंपू वाजवत पाव विकायला येतो आणि करपलेले उंडे आपल्यालाच खपवतो. सासूबाई माझ्या आमटीला नाक मुरडतात आणि पुन्हा पुन्हा वाढून घेतात. तुझ्या घराचं मागचं जनेल वाऱ्याने आपटत होतं, ते मी दोरीने बांधून टाकलंय. तू लावलेली अबोली मात्र तुझ्यासारखीच हट्टी. कोणी पाणी घालत नाही तरी फुलते. तुला न विचारता मी ती तोडते आणि सेजलच्या वेणीत माळते. सेजल आठवते ना? तू गेलीस तेव्हा तुझ्या कडेवरून उतरायला तयार नव्हती, ती. आता पाचवीत गेली. वाडीवरची शाळा चौथीपर्यंत, तेव्हा आता व्हाळापलीकडचं हायस्कूल.

मे महिन्यात गोवा घटक राज्य झालं. बाबली पंचाने देवळापुढे पेढे वाटले आणि म्हणाला, आतां सरकार आमच्या दारांत. सरकार काही आलं नाही बाई, पण जूनमध्ये पंचायतीने हायस्कूलच्या मुलांसाठी भाड्याची जीप ठेवली. शाळेपासून लांबच्या वाड्यांवरची मुलं त्या जीपने जाणार. आम्हांला वाटलं, आपल्यासारखी लांबची वाडी दुसरी कुठली? सेजलच्या बापाने, रुद्रेशने, अर्ज लिहायला घेतला. तर शेजारी-पाजारी सांगायला हजर. आता कायदा झालाय, कोंकणीत लिही, नाहीतर अर्ज टोपलीत जाईल. गेल्या हिवाळ्यातलं भाषेचं भांडण अजून विसरले नाही मी. रस्त्यावर झाडं आडवी पडलेली, बस बंद, आणि रुद्रेश म्हापशाहून चालत घरी यायचा तोवर मी दारात. पण ती भीती सगळ्या वाडीने वाटून घेतलेली होती. आताची माझी एकटीची आहे.

रुद्रेशने शेवटी मराठीतच लिहिलं. आमचा घात मात्र भाषेने केला नाही, साकव या एका शब्दाने केला, आणि तो दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच. अर्जात रुद्रेशने सरळपणे लिहिलं की शाळेची जवळची वाट साकवावरून आहे, ती धोक्याची आहे, आणि डोंगराला वळसा घालून गेलं तर फार लांब पडतं. पंचायतीच्या समितीने उत्तर दिलं, सदर वाडी साकवाने शाळेस जोडलेली असल्याने प्रवासाच्या मदतीची आवश्यकता दिसून येत नाही. आवश्यकता म्हणे! मी बाबलीला देवळाकडे गाठलं. तो म्हणाला, सांकव आसा न्हय गो? मगीर जीप कित्याक? मी म्हटलं, बाबली, तुझी नात पाठव एक दिवस त्या साकवावरून, मग सांगते कित्याक ते. तो चपला घालून निघून गेला.

साकव म्हणजे काय ते तुला मी कशाला सांगू? अजून तसाच आहे. माडाचे दोन ओंडके, एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला काही नाही. पावसात त्यांच्यावर शेवाळ चढतं. भरती आणि पाऊस एकदम आले की व्हाळाचं पाणी ओंडक्यांना लागतं आणि दोन्ही ओंडके पायाखाली हलतात. दोघांचा भार एकदम नको म्हणून सेजलचा हात धरून जाता येत नाही. मी अलीकडे उभी राहते. सेजल दप्तर पाठीला बांधते, चपला हातात घेते आणि एकेक पाऊल टाकते. मी तिला हाक मारत नाही. मागे वळून बघितलं तर? म्हणून तोंडावर पदर धरून उभी असते. ती पलीकडे पोचून हात हलवते तेव्हा कुठे माझा श्वास सुटतो. मग घरी येऊन मी चूल पेटवते, भात शिजवते, सासूबाईंशी भांडते, पण कान सगळा वेळ व्हाळाकडे. वळशाच्या वाटेने नेऊन पाहिलं तिला. अंधारात निघावं लागतं, काजूच्या डोंगरात रानडुकरं, आणि पोचेपर्यंत घंटा होऊन गेलेली. मास्तरांनी बाहेर उभं केलं तिला. शाळा बंद कर म्हणतात सासूबाई. मुलगी हुशार आहे गं, कशी बंद करू?

मग आम्ही पेडण्याला वरच्या साहेबांकडे अपील केलं. परवा सुनावणी होती. मी लुगडं नेसून, रुद्रेश खाडा करून, आणि समोर बाबली पंच. साहेब दक्षिणेतल्या सासष्टीकडचे. अर्ज वाचून म्हणाले, साकव असताना तक्रार काय? सुमंगल, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या गावी साकव म्हणजे गाडी जाईल असा दगडी पूल! मी तिथल्या तिथे त्यांच्या टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हटलं, साहेब, हा आमचा साकव. कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन्सिलीवर बोट ठेवून पाहिलं, ती घरंगळून खाली पडली. मग त्यांनी बाबलीला विचारलं, या साकवावर कधी काही घडलंय का? आणि बाबली म्हणाला, आजपर्यंत कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

बाबली म्हणाला गं हे! ज्याने व्हाळात उडी टाकून तुझ्या लेकीला वर काढलं, तो बाबली. तेव्हाही पंच तोच होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, हातातली टोपी चुरगाळत राहिला. सगळ्यांनी तेव्हा काय ठरवलं ते तुला मी सांगायला नको. त्या वर्षी तू तापाने पडली होतीस, वाडीच्या राखणदाराचा नैवेद्याचा रोट भाजायचा राहिला, म्हणून देव कोपला आणि पोर गेली. ओंडका कुजला होता हे कोणी बोललंच नाही. देवावर टाकलं आणि तुझ्यावर टाकलं, साकव सुटला आणि पंचायतही सुटली. मला राखणदाराचं भय वाटतं, खोटं कशाला बोलू. या श्रावणातही मी सासूबाईंबरोबर रोट भाजला, हात जोडले. पण लेकरू गेलं ते कुजक्या ओंडक्यावरून पाय सरकून गेलं.

मी साहेबांना म्हटलं, घडलंय. ते म्हणाले, कोण, कधी, सांगा. माझी एवढी मोठी जीभ, पण उचलली नाही. रुद्रेश बोलायला लागला तर मी त्याचा हात दाबला. तुला न विचारता अबोली तोडते मी, पण हे नाव तुला न विचारता कसं घेऊ? मी म्हटलं, साहेब, ज्यांचं घडलंय त्यांना विचारल्याशिवाय मला सांगता येणार नाही. त्यांनी चवथीच्या आधीची पुढची तारीख दिली आणि म्हणाले, त्या घरचं माणूस आणा, नाहीतर निदान त्यांचा शब्द आणा. त्याशिवाय पंचांचंच म्हणणं धरावं लागेल. म्हणून हे पत्र. तू येशील का सुमंगल? त्या कचेरीत बाबलीसमोर उभी राहशील का? नाही जमलं तर राग नाही, देवाशपथ नाही. मग एक ओळ तेवढी पाठव, की मी तुझ्या सरूचं नाव तिथे घेऊ. तू गेल्यापासून वाडीत एकाही मोठ्या माणसाने ते नाव घेतलेलं नाही. पण परवा सुनावणीहून आल्यावर मी सेजलला घ्यायला गेले, तेव्हा वारा पडला होता आणि पलीकडचं बोलणं ऐकू येत होतं. ओंडक्यावर पाय ठेवण्याआधी ती पुटपुटली, सरूताय, हात धर. मी विचारलं तर म्हणाली, सगळीच मुलं म्हणतात, मोठ्या मुलांनी शिकवलंय, म्हटलं की पाय सरकत नाही. माझी पोर रोज दोन वेळा तुझ्या पोरीचा हात मागते गं. आणि मी अलीकडे उभी राहून भिते, एक दिवस सरू खरंच तिला हात देईल आणि सोबत नेईल म्हणून.

वाट बघणारी, तुझीच,
कमळा