तक्ता पाठ असलेली माणसं

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना कमी करायला सांगितला होता. तू डॉक्टरच कमी केलेस, असं भाची कळवते. आम्ही इकडे ठीक आहोत. दुकान तर फारच ठीक आहे, आणि तीच अडचण आहे.

चष्म्याचं दुकान टाकलं तेव्हा वर्षभर कुणी फिरकत नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. कारण साधं होतं. मी लोकांना खरा नंबर सांगत असे. माणूस वय ऐकून घेतो, वजन ऐकून घेतो, पण नंबर वाढला म्हटलं की नापास झाल्यासारखा चेहरा करतो. एकदा एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं तक्त्याची पाचवी ओळ धडाधड वाचली आणि माझ्या तोंडून 'वा!' निघून गेलं. बाई फुलल्या. (जन्मभर त्यांनी इतरांना शेरे दिले, त्यांना शेरा देणारा बहुधा मीच पहिला.) दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन मैत्रिणी पाठवल्या. मग मी प्रत्येक अक्षराला 'वा' म्हणू लागलो. लोक खूश होऊन जुनाच नंबर नव्या फ्रेममध्ये घालून नेऊ लागले, जाताना माझा हात दोन्ही हातांत धरू लागले. मला त्या हातांची चटक लागली. चष्मा हे निमित्त उरलं.

पुढे गल्लीत चुरस सुरू झाली. तुला किती 'वा' मिळाले? मला नऊ. दुकानातल्या बाकावर बसलेली मंडळी तक्ता पाठ करू लागली. एका सुनेनं सासूकडून तो घरी घोकून घेतला. एक पेन्शनर तर मी त्यांचा डोळा झाकायच्या आत, दारातूनच सगळा म्हणून मोकळे होत. मला कळत नव्हतं असं नाही. पण समोरचा माणूस इतक्या आशेनं बघत असे (तक्त्याकडे नव्हे, माझ्याकडे) की जीभ आपोआप वळायची. आज या भागात कुणालाच नीट दिसत नाही आणि सगळे समाधानी आहेत. मला लांबूनच हात करतात. (परवा तोच हात विजेच्या खांबालाही करताना एकाला पाहिलं.)

माझा मेहुणा बस चालवतो. त्याला दरवर्षी नजरेचा दाखला लागतो आणि तो मी देतो. यंदाही त्याला शेवटच्या ओळीपर्यंत 'वा' मिळाले. गेल्या मंगळवारी त्यानं बस थांब्यावर न थांबवता शिंप्याच्या दारात थांबवली. दारातल्या बाकाचा भुगा झाला. बाकावर कुणी नव्हतं. मिनिटभरापूर्वी होतं. गंमत अशी की मेहुणा सगळ्यांचा लाडका; त्याला वाईट वाटेल म्हणून एकही प्रवासी बोलला नाही, आणि बाक वाटेत ठेवल्याबद्दल शिंप्यानंच माफी मागितली.

मी हादरलो. रंगाऱ्याकडून दुसऱ्या अक्षरांचा नवा तक्ता करून घेतला, तो भिंतीवर लावला आणि मेहुण्याला बोलावलं. त्यानं नव्या तक्त्यावरून जुना तक्ता वाचला. एकही चूक नाही. जुन्याच्या खाली छापखान्याचं नाव होतं, तेसुद्धा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जमलं ना, दाजी?"

मी 'वा' म्हणालो.

ताई, आता मात्र मी बदललो आहे. यापुढे मी कुणाच्या तोंडाकडे बघून वागणार नाही. लोक काय म्हणतील हा विचारच मनातून काढून टाकला आहे. तू गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत दुसरं पाकीट आहे. आगाराच्या व्यवस्थापकांना पत्र आहे, मेहुण्याचा दाखला रद्द करण्याविषयी. तिकीट लावलं आहे. ते तुझ्या गावाहून टाक. इथल्या पोस्टातला कारकून कोण कुणाला लिहितं ते चारचौघांत सांगतो. मेहुणा रजेवर आहे, सोमवारी सकाळी पुन्हा गाडीवर चढेल. म्हणून जरा घाई कर.

ता. क. २. त्या पत्रावर मी सही केलेली नाही. खाली 'एक हितचिंतक' असं लिहिलं आहे. अक्षरही ओळखू येईल, तेव्हा ते तुझ्या अक्षरात उतरवून घेशील का?

ता. क. ३. रविवार. हे पाकीट डकवायच्या आत हिनं सगळं वाचलं. मला वाटलं, भावाची बाजू घेईल. ही म्हणाली, "सोमवारी त्याच बसनं आपली पोरगी शाळेत जाते. ताईंचं उत्तर येईपर्यंत तिला काय चालत पाठवू?" मग माझ्या हातात पेन दिलं. मी सही केली. आगारात जाऊन पत्र हातात दिलं, तिथून मेहुण्याच्या घरी गेलो आणि त्यालाही सांगितलं. त्याच्या बायकोनं दार लावून घेतलं. बातमी गल्लीत पोहोचली आहे. तेव्हापासून दुकानात चिटपाखरू नाही. दुसरं पाकीट आता पाठवत नाही. तुला काही उतरवायला नको, पोस्टात जायला नको. फक्त उलट टपाली एवढंच लिही, की मी केलं ते बरोबर केलं. खोटं असलं तरी चालेल.